वेंगुर्ला रोडवर उभं राहून बंदराच्या गप्पा

नमस्कार मंडळी. मी आत्ता उभा आहे वेंगुर्ला रोडला, हिंडलगा सोडून थोडं पुढं, मागनं ट्रक जाऊलालेत त्यामुळं आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. आज बोलायचंय बंदरांवर, म्हणजे चालू बंदराच्या जागेचं पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचं प्लॅनिंग कसं करतात आणि ते कुठं फसतं यावर. आता तुम्ही म्हणणार, बेळगावात बसून बंदर? समुद्र घाटाखाली, आपण घाटावर. पण मग या रोडला वेंगुर्ला रोड का म्हणतात सांगा की.

रेल्वे यायच्या आधी आपल्याकडचा माल याच बाजूनं खाली उतरायचा, बैलगाड्या घाट उतरून वेंगुर्ल्याला, आणि धारवाडकडचा कापूस कुमठ्याला. गंमत बघा, मुंबईच्या बाजारात त्या कापसाला नावच पडलं कुमठा कापूस, पिकायचा वर घाटावर आणि नाव बंदराचं. मग 1880 च्या दशकात कॅसलरॉकवरनं गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे झाली आणि बैलगाड्यांचा धंदा बसला. वेंगुर्ल्याच्या समुद्राला काय झालं नव्हतं, बंदर होतं तिथंच होतं, माल फक्त दुसऱ्या वाटेनं जायला लागला.

हेच मोठ्या प्रमाणावर लंडनला झालं. कंटेनर आले, जहाजं मोठी झाली, नदीत आतपर्यंत येईनात, आणि 1981 पर्यंत शहरातले जुने डॉक एकेक करून बंद पडले. त्याच वर्षी सरकारनं तिथं वेगळं महामंडळ काढलं, ते 1998 पर्यंत चाललं, आणि आज तिथं कॅनरी वॉर्फचे काचेचे टॉवर उभे आहेत. पैसा आला, रेल्वे आली, सगळं झालं. पण ज्यानं आयुष्यभर गोदीत पोती उचलली त्याला त्या टॉवरमधल्या बँकेत कोण खुर्ची देणार? मला लंडन हे यश म्हणून दाखवतात तेव्हा हाच प्रश्न पडतो.

हॅम्बुर्गनं जरा वेगळं केलं. हाफेनसिटी म्हणून 157 हेक्टरची जुनी बंदराची जागा, आराखडा 2000 चा, आणि काम अजून चालूच आहे. त्यांनी सगळी जमीन एका दणक्यात विकली नाही. एकेक प्लॉट काढायचा, बिल्डरला आधी ठरावीक मुदत द्यायची, डिझाईन कर, परवानग्या आण, मग जागा तुझी, नाही जमलं तर चल बाजूला. आणि ही जागा पूर थोपवणाऱ्या बांधाच्या बाहेर, म्हणून इमारती उंच भरावावर घेतल्या, नदी चढली तरी घरात पाणी शिरू नये म्हणून. सावकाश चाललंय, पण सावकाश असल्यामुळंच मधे चूक दिसली तर पुढच्या प्लॉटला सुधारता येते.

सिंगापूरचा हिशोब तर आणखी लांबचा. शहराला लागून तांजोंग पगारचं कंटेनर टर्मिनल आहे, तिथली लीज 2027 ला संपते, आणि ते उठवायच्या आधी तुआसला नवं बंदर बांधायला घेतलं, 2022 ला त्याचं उद्घाटन झालं, पूर्ण व्हायला 2040 चं दशक उजाडणार. म्हणजे आधी नवं घर, मग जुनं रिकामं. आपल्याकडं भाडेकरूला आधी बाहेर काढतात आणि मग पाया खणतात, ते जाऊ दे.

पण ही सगळी मोठ्या जहाजांची गोष्ट झाली. मला खरं बोलायचंय ते मासेवाल्या बंदरावर, कारण आपला संबंध तिथं येतो. कॅम्पातल्या मार्केटला सकाळी गेलात तर थर्माकोलचे बॉक्स बघा, झाकणावर मार्करनं लिहिलेलं असतं, कारवार, मालवण, कुठं नुसतंच एखादं अक्षर, आणि खाली बर्फाचं पाणी फरशीवरनं वाहत असतं. तो बांगडा रात्रीत घाट चढून इथं येतो कारण तिकडं धक्क्याच्या अगदी जवळ बर्फ मिळतो, लिलावाला जागा आहे, डिझेल आहे, टेम्पो उभा करायला जागा आहे. यातलं एक जरी चार किलोमीटर लांब नेलं तर इथं कॅम्पात वास येणार, साधी गोष्ट आहे.

आणि नकाशावर हीच जागा रिकामी दिसते! म्हणजे साहेब डिसेंबरात बंदर बघायला येणार, होड्या सगळ्या समुद्रात, किनाऱ्यावर दोन जाळी, चार माणसं, तो लिहिणार मोकळी जागा. त्याच साहेबानं जूनमध्ये यावं. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा बोटी कुठं असतात? नांगरून, नाहीतर वर ओढून, कोण रंग काढतोय, कोण इंजिन खोलून बसलाय, बाया जाळ्यांपाशी. पाय ठेवायला जागा नसते. प्लॅन करणाऱ्यानं वर्षभराचं बघायला पाहिजे, एक दिवसाचं नाही. जानेवारी 2020 ला कारवारात मच्छीमार रस्त्यावर उतरले, सागरमाला म्हणजे केंद्र सरकारची बंदरं वाढवायची योजना, त्यातनं बंदर वाढवायला विरोध म्हणून, तेव्हा आपल्यातलेच काहीजण म्हणत होते, विकासाला कशाला आडवे येतात. अरे, ज्या वाळूवर त्यांच्या होड्या ओढून ठेवतात तीच जाणार असेल तर आडवे नाही येणार तर काय.

मुंबईचा ससून डॉक 1875 चा. भोवती कुलाब्याची जमीन, भाव काय असेल तुम्हीच विचार करा, आणि मधे बाया कोळंबी सोलत बसलेल्या. अशा जागेवर डोळा पडणारच. वासाची तक्रार करणारे नंतर राहायला आलेले असतात, हे मला फार भारी वाटतं. कॅनडात व्हँकुव्हरला ग्रॅनव्हिल आयलंड म्हणून आहे, जुन्या कारखान्यांच्या जागेत बाजार आणि नाटकाची थेटरं केली, पण मधला काँक्रीटचा कारखाना त्यांनी काढला नाही, टुरिस्ट कॉफी पितायत आणि बाजूनं मिक्सरचे ट्रक जातायत. भांडत असतील अधनंमधनं, पण चाललंय.

आता मुरगाव. लोंढ्याला स्टेशनवर थांबलात तर कोळशाच्या वॅगनी जाताना दिसतील, जहाजातनं मुरगावला उतरलेला कोळसा घाट चढून हुबळीकडनं बळ्ळारीच्या पोलाद कारखान्यांना. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिज आटलं आणि बंदराचा भर कोळशावर आला. धूळ मात्र वास्कोतल्या लोकांच्या घरात, मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यावर. बंदराची वाट खोल करायचं काम जनसुनावणी न घेताच मंजूर झालं होतं, 2016 ला हरित लवादानं ती मंजुरी रद्द केली, मग 2017 ला सुनावणी घेतली तर ती बरेच दिवस चालली, एवढी माणसं बोलायला उभी राहिली. आधीच विचारलं असतं तर वर्ष वाचलं असतं की नाही?

पुढचा व्हिडिओ लोंढ्यातनंच करणार आहे, लाईनीच्या बाजूला राहणाऱ्या लोकांशी बोलून, कारण बंदराच्या प्लॅनमध्ये लोंढ्याचं नाव असतं ते फक्त जंक्शन म्हणून. चला, मला कॅम्पात जायचंय, उशीर झाला तर बांगडा संपतो आणि तारल्या घेऊन यायला लागतं, मग घरात बोलणी.