व्होल्टेज उतरलं की मोटर का जळते?

(सांगलीत शेतकरी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, उन्हाळ्यात तासगाव-पलूसच्या बाजूला कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात डोकावलं की जळालेल्या मोटरी ओळीनं पडलेल्या दिसतात. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "लाईट कमी होती." त्याचं म्हणणं खरं आहे. पण दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी झाला तर मोटरीनं सावकाश चालावं, जळावं कशाला? याचं उत्तर कळलं तर विजेचा निम्मा हिशेब कळला असं मी समजतो.

आधी साधी सूत्रं. जर्मनीतल्या ओम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमातून निघतं ते हे: व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिळतो, ओममध्ये. आणि व्होल्टेजला करंटनं गुणलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये. पाणी तापवायचा हीटर २३० व्होल्टवर १० अँपिअर घेत असेल, तर त्याचा रोध २३ ओम आणि शक्ती २३०० वॅट. आता व्होल्टेज १८० वर आलं. हीटरचा रोध जवळपास तोच राहतो, म्हणून करंट ७.८ अँपिअर आणि शक्ती साधारण १४०० वॅट. व्होल्टेज २२ टक्के घटलं, उष्णता ३९ टक्के घटली. पाणी उशिरा तापेल, हीटरला काही होणार नाही.

विद्यार्थ्यांनी इथं एक प्रयोग जरूर करावा. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या. हिशेबानं त्याचा रोध ५२९ ओम येतो. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरवर मोजा. आकडा दहा-पंधरा पटींनी लहान येईल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि आपण काढलेले ५२९ ओम पेटलेल्या बल्बचे आहेत.

मोटर याहून निराळी. पाच हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटरीचं वायंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, मीटरनं मोजलं तर थोडेच ओम दाखवतं. नुसत्या त्या रोधावर ४१५ व्होल्ट लावले तर करंट कितीतरी पट जायला हवा. प्रत्यक्षात चालती मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, कारण फिरत्या मोटरीच्या वायंडिंगमध्ये उलटा दाब तयार होतो आणि तोच करंटला आवरतो. सुरू होताना रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, थांबलेला असतो, म्हणून त्या क्षणी करंट कित्येक पट उसळतो.

आता मुद्द्यावर या. विहिरीतून पाणी तेवढंच वर चढवायचं आहे, म्हणजे मोटरीला शक्ती जवळपास तेवढीच लागणार. व्होल्टेज ४१५ वरून ३३० वर आलं, तर ती शक्ती भरून काढायला करंट साडेसातवरून साधारण साडेनऊ अँपिअरवर जातो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. हीटर कमी दाबाला थंडावतो, मोटर तापते. वायंडिंगच्या तारेवरचं वॉर्निशचं आवरण करपतं ते इथं.

आणि हा दाब उतरतो कुठं? काही डीपीवरच, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, तिथं आपला इलाज नाही. पण बराचसा आपल्याच वायरीत उतरतो. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओम. मीटरपेटीपासून नदीकाठची सिंगल फेज मोटर २०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार ४०० मीटर, रोध ३ ओम. मोटर ८ अँपिअर घेत असेल तर २४ व्होल्ट वाटेतच गेले, आणि आठाचा वर्ग गुणिले ३, म्हणजे १९२ वॅट वायर तापवण्यात. ६ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर हेच नुकसान ८० वॅटच्या आत येतं. वायर घेताना मीटरचा भाव तेवढा बघतात, याचं मला फार वाईट वाटतं. डीपीपर्यंत वीज ११ हजार व्होल्टवर आणतात ती याच हिशेबानं. ४१५ व्होल्टच्या तुलनेत करंट सव्वीसपट कमी, म्हणून त्याच तारेत नुकसान जवळजवळ सातशेपट कमी.

घरी गेल्यावर माहीतगार वायरमनला सोबत घेऊन, मोटर चालू असताना दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजून घ्या आणि टाँग टेस्टरनं, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरनं, करंट बघा. मीटरपेटीजवळ २२६, मोटरीजवळ २०२, करंट ८, तर २४ भागिले ८, ३ ओम. तारेचा हिशेब जुळला. मोटरीजवळ १८६ च निघाले आणि करंट ८ च असेल, तर रोध ५ ओम आला. तारेचे ३, मग वरचे २ ओम कुठले? ते एखाद्या ढिल्या जोडात, करपलेल्या फ्यूजमध्ये किंवा स्टार्टरच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमध्ये आहेत आणि तिथं १२८ वॅट उष्णता एका जागी साठते आहे. मोटर रिवायंडिंगला न्यायच्या आधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून तो जोड शोधून घ्या.