कान पाडून बसलेले ससे

(दृश्य: शर्टाची बटणं, दोन हात. कॅमेरा स्थिर.)

सकाळचे सात. पुण्यातलं एक घर. काका वरून दुसरं बटण लावतायत.

हात थरथरतोय, ते लगेच दिसतं. पण बटण अडलंय ते थरथरीमुळे नाही. हालचाल सुरू व्हायलाच वेळ लागतोय. पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात, पण कंपापेक्षा हा मंदपणाच माणसाला जास्त बांधून टाकतो. सकाळची गोळी आत्ताच घेतली आहे.

(दृश्य: सर्पगंधेची रोपं. उकरलेलं मूळ.)

त्या गोळीची गोष्ट या मुळापासून सांगायला हवी. सर्पगंधा. पांढरी फुलं, लाल देठ आणि कडूजहर मूळ. झोप उडालेल्यांना, वेड लागलेल्यांना वैद्य ते देत आले. मुंबईत केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ते वापरलं आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. रक्तदाब उतरत होता. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळातलं द्रव्य वेगळं निघालं. रेझर्पिन.

मग भलतंच काही दिसू लागलं. रेझर्पिन घेणारे काही रुग्ण जखडायचे. चेहरा कोरा, पाऊल घासत. थेट पार्किन्सन्स झाल्यासारखे. औषध बंद केलं की मोकळे व्हायचे.

(दृश्य: सशांचं कृष्णधवल छायाचित्र. सावकाश जवळ.)

स्वीडनमधलं लुंड, १९५७. अर्विद कार्लसन, वय ३४. या सशांना त्यांनी रेझर्पिन दिलंय. कान पडलेत, अंगाचं मुटकुळं झालंय.

रेझर्पिनने मेंदूतलं नॉरॲड्रेनालिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक द्रव्य, संपतं, हे तोवर कळलं होतं. ते परत भरायचं कसं? थेट टोचून उपयोग नाही, रक्तातून मेंदूत शिरायची वाट त्याला बंद असते. म्हणून कार्लसन यांनी ज्यापासून शरीर ते बनवतं, तो कच्चा माल दिला. डोपा.

(दृश्य: दुसरं छायाचित्र. तेच ससे, कान ताठ. काही क्षण निवेदन नाही.)

खरं काम यानंतरचं आहे, आणि ते कुठल्याच छायाचित्रात मावत नाही. मेंदू तपासला, तर नॉरॲड्रेनालिन परत आलेलंच नव्हतं! मग सशांना उठवलं कोणी?

डोपापासून नॉरॲड्रेनालिन बनताना मध्ये एक पायरी लागते, डोपामाइन. तोवर सगळे तिला नुसती पायरीच समजत होते. मेंदूत ते नेमकं मोजायची रीतसुद्धा कार्लसन आणि सहकाऱ्यांना बसवावी लागली. द्रव्यावर प्रक्रिया करून त्याला चमकायला लावायचं आणि ती चमक यंत्रावर मोजायची. १९५८ मध्ये उत्तर छापून आलं. मेंदूत डोपामाइन असतं, रेझर्पिनने ते नाहीसं होतं, डोपाने परत येतं. पुढच्याच वर्षी लुंडमधल्या सहकाऱ्यांनी ते कुठे साठतं तेही दाखवलं. हालचाल सांभाळणाऱ्या भागात.

१९६० साली लंडनच्या परिषदेत, डोपामाइनला मेंदूत स्वतःचं काम आहे हे जाणत्या शास्त्रज्ञांना पटलं नाही. नोबेल मिळवलेल्या सर हेन्री डेल यांनाही नाही.

(दृश्य: गोळ्यांची डबी, सात दिवसांचे कप्पे.)

पुढे व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांना पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामाइन फारच कमी आढळलं. १९६१ मध्ये तिथेच रुग्णांना एल-डोपाची, म्हणजे डोपाच्याच एका रूपाची, इंजेक्शनं दिली गेली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवत द्यायची पद्धत घालून दिली. कार्लसन यांना नोबेल मिळालं २००० साली. काकांच्या सकाळच्या गोळीत हेच एल-डोपा आहे. पण वर्षं जातात तसा गोळीचा असर लवकर उतरतो, अंग आपोआप वळवळू लागतं, डोपामाइन बनवणाऱ्या पेशींची झीजही थांबत नाही.

(दृश्य: कुंपणावरची खाजकुइली. शेंगा, मग बिया.)

ही खाजकुइली. हिच्या बियांत एल-डोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच वेगळं काढलं होतं, लुंडच्या सशांच्या २० वर्षं आधी. जखडणारं मूळ आणि सोडवणारी बी, दोन्ही आपल्याच रानातली. पण बाजारातली पूड आपल्या मनाने घेऊ नका. कुठल्या पुडीत डोपा किती, हे नुसतं पाहून कळत नाही. न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

(दृश्य: पुन्हा काका. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ.)

दुसरं बटण काकांनी मघाशी तसंच सोडलं होतं. ते आता लावतायत.

(निवेदन नाही. शेवटच्या बटणापर्यंत दृश्य कापू नये.)