रविवारची राइड, मंगळावर

[दृश्य: ठाणे, तीन हात नाका, पहाटे साडेपाच. सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतोय. हेल्मेट घातलेली सातआठ माणसं टायर दाबून बघतायत.]

ठाण्यात सायकल चालवायची तर घड्याळाशी करार करावा लागतो. उजाडून रस्ता भरायच्या आत घोडबंदर रोडवरून परत फिरलात तर ठीक, नाहीतर कापूरबावडीपर्यंत कंटेनरच्या चाकाला चाक लावून यायचं. म्हणून हा घोळका अंधारात निघतो. कधी येऊर, कधी पाम बीच.

मागच्या खेपेला खड्ड्यात आपटून काकांच्या पुढच्या चाकाची रिम वाकली. काका एकसष्ट वर्षांचे, ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ आणि घाटात सगळ्यात पुढे. सायकल खांद्यावर घेऊन चालताना म्हणाले, "गाडी नाही, हॉर्न नाही, असा रस्ता आता मंगळावरच मिळायचा."

काका चेष्टेत बोलले. आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे लागलो.

[दृश्य: पारसिकचा डोंगर, नवी मुंबईच्या बाजूने. खाणीने उभा कापलेला काळा कातळ.]

मंगळ दाखवायचा तर जागा हवी होती. ती घराजवळच मिळाली. या बंद खाणीत झाड नाही, पाखरू नाही, पायाखाली नुसती खडी आणि भुकटी. हा कातळ बसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेला लाव्हा. मंगळाचं कवचही मुख्यतः बसाल्टचंच. त्यातल्या लोखंडाचा गंज चढला म्हणून तो तांबडा. माथेरानची माती ज्या कारणाने लाल, त्याच कारणाने. (आणि माथेरानलाही मोटारींना बंदी आहे, हे काकांनी लगेच सुनावलं.)

तर, मंगळावर ट्रॅफिक किती? आज तिथे फिरणाऱ्या गाड्या दोन, दोन्ही नासाच्या, बिनमाणसांच्या. २०१२ साली उतरलेली क्युरिऑसिटी आणि २०२१ची पर्सिव्हरन्स. दोघींत हजारो किलोमीटरचं अंतर. क्युरिऑसिटी जोरात निघाली तरी तासाला दीडशे मीटरच्या आतच, म्हणजे सायकल हातात धरून चालत गेलात तरी ओव्हरटेक. आपॉर्च्युनिटी नावाची गाडी २००४ ते २०१८ अशी चौदा वर्षं चालली आणि तिने ४५ किलोमीटर कापले. ठाण्याहून बेलापूर गाठून परत आलं की आपलेही साधारण तेवढेच होतात. नाश्त्याच्या आत.

खड्ड्यांचा विषय मात्र काढू नये. क्युरिऑसिटी ज्या गेल विवरात आहे, त्याचा व्यास १५४ किलोमीटर.

[दृश्य: येऊरची चढण. धापा टाकणारे चेहरे, जवळून.]

आता चढ. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. माणूस ७० किलोचा, सायकल १५ किलोची, वर अंतराळवीराचा सूट. चंद्रावर गेलेल्यांचा सूट पाठीवरच्या प्राणवायूसकट ९० किलोच्या आसपास होता, तेवढाच धरू. एकूण १७५ किलो. पण मंगळावर हे ओझं पायांना साधारण ६६ किलोंसारखं लागेल. इथे सूट न घालताही आपण ८५ किलो ओढतो!

सूर्यमालेतला सगळ्यात उंच ज्वालामुखी ऑलिम्पस मॉन्स तिथेच आहे. उंची सुमारे २२ किलोमीटर. ऐकून पोटात गोळा येतो, पण त्याचा पसारा सहाशे किलोमीटरचा, त्यामुळे उतार सरासरी पाचेक अंशांचाच. पायथ्याला काही ठिकाणी कित्येक किलोमीटरचा कडा आहे. जिथे लाव्हा कड्यावरून खाली ओघळलाय, तिथून वाट काढायची. आणि शिखर दिसेल या आशेवर राहायचं नाही. डोंगर एवढा पसरट की चढणाऱ्याला शिखर क्षितिजाआड राहतं.

सायकलवाल्यांत 'एव्हरेस्टिंग' नावाचं एक खूळ आहे. एकाच चढावर वर-खाली करत ८,८४८ मीटरचा चढ भरायचा. हिशेब मांडला तर सूटसकट ऑलिम्पस चढण्याचे कष्ट इथे सूट न घालता केलेल्या १७ किलोमीटर चढाएवढे भरतात. जवळपास दोन एव्हरेस्टिंग. काका यावर काही बोलले नाहीत, नुसतं पाणी प्यायले.

[दृश्य: पाम बीच मार्ग. समोरून खाडीचा वारा, माना खाली.]

सपाटीवर तर मजाच. इथे पंचवीसच्या वेगाने जाताना पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. मंगळाची हवा आपल्यापेक्षा साठेक पट विरळ. तिथे ताशी शंभर किलोमीटरचा वारा सुटला, तरी अंगाला तो इथल्या तेरा किलोमीटरच्या झुळकीएवढाच लागेल.

मग अडचण कुठे? थांबण्यात.

वजन कमी झालं, वस्तुमान नाही. १७५ किलोचा ऐवज तसाच पुढे धावतोय आणि टायर जमिनीला धरून ठेवणारा दाब मात्र ३८ टक्क्यांवर आलाय. पंचवीसच्या वेगात इथे सहा मीटरमध्ये उभी राहणारी सायकल तिथे सोळा मीटर घेईल. वळणाचंही तेच. १८च्या वेगाने दहा मीटर त्रिज्येचं वळण घ्यायला इथे १४ अंश कलावं लागतं, तिथे ३४. खाणीतल्या भुकटीवर ३४ अंश कलून बघा. आमच्यातल्या एकाने बघितलं. कोपर सोललं ते त्याचंच, आणि तो शॉट पुढे येतोय.

[दृश्य: तोच शॉट, संथ गतीत.]

चाकांचं दुखणं तर गाड्यांनाही चुकलं नाही. क्युरिऑसिटीची चाकं ॲल्युमिनियमची, पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. २०१३ सालीच टोकदार दगडांनी त्याला भोकं पाडली आणि पुढचा मार्ग मऊ जमीन शोधत आखावा लागला. पर्सिव्हरन्सला मग जाड पत्रा दिला. रबराचं तर नावच नको, उणे ६० अंशांच्या आसपास ते ताठर होतं. चंद्रावरच्या गाडीची चाकंसुद्धा तारेच्या जाळीची होती. त्या गाडीचा मडगार्ड १९७२ साली अपोलो १७ मध्ये तुटला, तर अंतराळवीरांनी नकाशाचे कागद चिकटपट्टीने जोडून नवा बसवला. का? धूळ अंगावर उडत होती. पावसाळ्यात मडगार्डशिवाय निघालेल्याला हे वेगळं समजावायला नको.

मंगळाची धूळ तर नुसती मळवत नाही. तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचं क्लोरीनयुक्त मीठ आहे, २००८ साली फिनिक्स यानाला सापडलं. थायरॉइडला ते वाईट. म्हणजे राइडवरून आल्यावर सूट दारातच काढायचा.

[दृश्य: बेलापूर, चहाची टपरी. सायकली भिंतीला टेकलेल्या. मागे रस्ता भरू लागलाय.]

काकांनी एवढं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "तिथे चहा मिळेल का?"

हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहून कमी. एवढ्या दाबात पाणी दोनतीन अंशांनाच उकळतं. पातेल्यात बुडबुडे येतील, वाफ निघेल, आणि बोट घातलं तर फ्रिजमधल्या बाटलीएवढं गार. पावडर तशीच तरंगत राहील. चहा करायचाच तर बंद खोलीत, दाब राखून. टपरीवर नाही.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी टपरीवाल्याला आणखी दोन कटिंग सांगितले, एक आमच्या कॅमेरामनसाठी.