ज्योत बघा, मग शेगडीला हात लावा

नमस्कार श्रोतेहो. सांगली, मिरज, तासगाव, कराड, वाई, कुठूनही ऐकत असाल, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू करण्याआधी आज एवढं करा. गॅस पेटवा, वर भांडं ठेवू नका आणि ज्योत नीट बघा. ती निळी आहे का? बर्नरच्या प्रत्येक भोकावर सारख्या उंचीची उभी आहे का? असेल तर तुमची शेगडी ठणठणीत आहे. पण शेंडे पिवळे आणि लांबट होऊन हलत असतील, कुकरच्या बुडाला काजळी धरत असेल, तर गॅस पुरता जळत नाही. पैसे मोजून आणलेली टाकी लवकर संपते, भांडी घासताना हात दुखतात आणि दारंखिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साठू लागतो. हा विषारी वायू आहे आणि त्याला ना रंग, ना वास.

ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या उडाल्या तर घाबरू नका. पीठ, मीठ, धूळ जळाली की तसं दिसतं. सतत पिवळा राहणारा शेंडा मात्र सोडून देऊ नका.

गॅस जळायला हवा किती लागते ठाऊक आहे? एक भाग गॅसला सुमारे २५ ते ३० भाग हवा. शेगडीच्या पोटात पितळेचा एक छोटा जेट असतो. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि शेजारच्या फटीतून हवा ओढून घेत नळीतून बर्नरकडे जातो. उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. ही हवा कुठे अडली की ज्योत पिवळी पडते. शेगडीच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ मला इथंच सापडतं.

आणि आपल्याकडे हवा अडवते कोण? शाळूची भाकरी! पूर्वी भाकरी निखाऱ्यावर शेकत, आता आपण ती तव्यावरून काढून थेट ज्योतीवर फुगवतो. तिचं पीठ बर्नरच्या भोकांत पडतं, जळतं आणि घट्ट बसतं. त्यावर कधी दूध उतू जातं, कधी चहा. भाकरी ज्योतीवर शेकू नका असं मी सांगणार नाही, ती तशीच चांगली लागते. बर्नर मात्र दर आठवड्याला काढून धुवा. शेगडी गार झाल्यावर, आधी टाकीचा रेग्युलेटर बंद करून. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढं पुरे. भोकांत अडकलेलं निघत नसेल तर पातळ काडीने हलकेच काढा. मग बर्नर उलटा झटकून पूर्ण वाळवा. ओला बर्नर लावला तर ज्योत फडफडते, मधेच विझते, आणि आपल्याला वाटतं शेगडीच बिघडली. लावताना तो खाचेत नीट बसला का, हेही बघा. तिरका बसला तर एका बाजूला ज्योत उंच आणि दुसरीकडे नाहीशी होते.

आता जे कळकळीने सांगायचंय ते सांगतो. बर्नर खुशाल साफ करा, पण जेटमध्ये पिन, सुई, तार घालू नका. पितळ मऊ असतं. दोनचारदा पिन फिरवली की भोक मोठं होतं, गॅस जास्त सुटतो, हवा तेवढीच राहते आणि ज्योत कायमची पिवळी होते. काही ठिकाणी तर ‘फास्ट करून देतो’ म्हणत जेटचं भोक मुद्दाम मोठं करून देतात. ज्योत मोठी दिसते म्हणून आपण खूश होतो, आणि टाकी आठवडाभर आधीच संपते. असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. जेट तुंबला असेल तर तुमच्या शेगडीच्या मापाचा नवा बसवून घ्या. त्याला फार पैसे पडत नाहीत.

पाटण, जावळीकडच्या बऱ्याच घरांत वेगळीच अडचण येते. माणसं मुंबईला, घर वर्षभर बंद, जत्रेला कुलूप उघडायचं. शेगडी पेटवली की बर्नरवर ज्योत येण्याऐवजी खाली जेटपाशीच सूंऽऽ असा आवाज होतो आणि बटणाजवळचा भाग तापतो. नळीत कोळ्याने जाळं केलेलं असतं. लगेच गॅस बंद करा, शेगडी गार होऊ द्या, बर्नर काढून नळी मऊ, लांब ब्रशने साफ करा. बर्नर तुंबला असेल किंवा नीट बसला नसेल तरीही असंच होतं.

बटण जड फिरू लागलं की बरेच जण त्यात खोबरेल तेल सोडतात. नका सोडू. आतल्या कॉकला, म्हणजे गॅस चालू-बंद करणाऱ्या तोटीला, उष्णता सोसणारं ग्रीस लागतं. तेल काही दिवसांत चिकटतं, आणि कॉक नीट बसला नाही तर तिथूनच गॅस झिरपतो. हे काम कारागिराचं. रेग्युलेटर, टाकीचा व्हॉल्व्ह आणि त्यातली रबरी रिंग, यांनाही घरी हात घालायचा नाही.

नळीकडे मात्र लक्ष ठेवा. तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलायची असते. बनवल्याचं साल तिच्यावर छापलेलं असतं. ती शेगडीच्या मागून, गरम भांड्याला चिकटून नेऊ नका. गळती शोधायची असेल तर साबणाचं पाणी जोडांवर लावा, बुडबुडे आले की समजा. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं मी अजूनही पाहतो, आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, मग दारंखिडक्या उघड्या. दिव्याचं बटण, पंखा, मिक्सर, मोबाइल, कशालाही हात नको. चालू असलेलं बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो, म्हणून वरच्या झरोक्यावर भिस्त ठेवू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि दूर जाऊन १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. टाकी संपत आली की वास वाढतो, कारण वासाचं द्रव्य गॅसपेक्षा हळू उडतं आणि तळाशी त्याचं प्रमाण वाढत जातं. पण ‘टाकी संपत आली असेल’ म्हणून वास सोडून देऊ नका, आधी तपासा.

महाबळेश्वर, पाचगणीकडे थंडीत टाकी संपायच्या आधीच ज्योत बारीक होते. गॅसमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपासच उकळतो, त्यामुळे गारठ्यात त्याची वाफ कमी होते. टाकी गरम पाण्यात ठेवू नका, आडवीही करू नका. उबेच्या खोलीत उभी ठेवा.

शेवटी कृष्णाकाठच्या घरांसाठी. भरलेली टाकीही पाण्यावर तरंगते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, लोखंड धरून सगळं वजन तीस किलोच्या आसपास, आणि टाकी पाणी बाजूला सारते त्याहून जास्त. त्यामुळे पुरात ती वाहून जाते, नळी तुटते. नदी चढू लागली की रेग्युलेटर काढा, व्हॉल्व्हला टोपी लावा आणि टाकी वरच्या मजल्यावर न्या. नेणं शक्य नसेल तर खांबाला घट्ट बांधा. २०१९ च्या पुरानंतर गाळ भरलेल्या शेगड्या ढिगाने दुरुस्तीला आल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन, जेट बदलून पुन्हा पेटल्या. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर मात्र वरून कोरडा दिसला तरी वापरू नका. त्याच्या आतल्या रबरी पडद्याच्या वरच्या बारीक भोकात गाळ बसतो आणि दाब सांभाळला जात नाही. तो एजन्सीतून बदलूनच घ्या, नळीही नवी घ्या, मगच शेगडी पेटवा.

नमस्कार.