ब्लॅक बेल्ट आणि ज्याचा त्याचा फुकुशिमा

श्रोतेहो, नमस्कार.

कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदोच्या नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात उभे राहायला जागा पुरत नाही आणि वर्षभराने त्याच जागेत हातपाय ऐसपैस पसरता येतात, हे ज्यांनी असे वर्ग पाहिले आहेत त्यांना मी वेगळे सांगायला नको. वर्ग कसा निवडावा, गणवेश कोणता घ्यावा, याविषयी आज मला बोलायचे नाही. प्रवेश घेऊन झाला आहे, कमरेला पांढरा पट्टा आला आहे, आणि तिथून काळ्या पट्ट्यापर्यंत टिकायचे कसे, एवढाच आजचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मध्येच उठावे लागले तरी ते ऐकायचे राहणार नाही. काळा पट्टा हे इतके लांबचे ध्येय आहे की ते माणसाला पावसापाण्यात, थकल्या संध्याकाळी घराबाहेर काढू शकत नाही. त्याला बाहेर काढते ते काहीतरी जवळचे, लहानसे आणि नेमके अडलेले असे असते. हे वाक्य मी पुढेही सांगणार आहे.

लांबचे म्हणजे किती लांबचे? आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीला कराटेमध्ये साधारण तीन ते पाच वर्षे लागतात, काही शैलींत याहून अधिक. ब्राझिलियन ज्युजुत्सुमध्ये हा काळ दहा वर्षांच्या आसपास जातो आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार एकोणीस वर्षांच्या आत काळा पट्टा मिळूच शकत नाही. ही पट्ट्यांची व्यवस्था फार प्राचीन असेल असे अनेकांना वाटते, पण ती तशी नाही. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी आपल्या पहिल्या दोन शिष्यांना पहिला ‘दान’, म्हणजे प्रावीण्याची पहिली पायरी, दिली ती १८८३ साली, आणि त्या पायरीच्या कमरेला काळा पट्टा आला तो त्यानंतर थोड्याच वर्षांनी. कराटेमध्ये गिचिन फुनाकोशी यांनी हीच पद्धत १९२४ साली उचलली. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगांची शिडी तर त्याहूनही अलीकडची आहे. १९३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांच्याकडे तिचे श्रेय जाते. दूरचा पल्ला गाठताना विद्यार्थ्याला मधूनमधून हाताला काहीतरी लागावे, एवढाच तिचा हेतू आणि तो अगदी शहाणपणाचा आहे.

इथे एक गोष्ट विषयाला थोडी सोडून सांगतो. पांढरा पट्टा कधीच न धुतल्यामुळे घामाने आणि मळाने काळा होत गेला आणि तोच पुढे ब्लॅक बेल्ट झाला, अशी एक कथा वर्गावर्गांत सांगितली जाते. तिला कसलाही आधार नाही. पट्टा धुतला तर त्यातली विद्या जाते, ही समजूतही त्याच कथेची धाकटी बहीण. श्रोतेहो, पट्टा जरूर धुवावा. शेजारी उभ्या राहणाऱ्याचाही काही विचार असावा.

आता मी ती हकिकत सांगतो, जी सांगता यावी म्हणून, खरे तर, मी या भाषणाला होकार दिला. ती कानो यांच्याच तरुणपणची आहे.

१८७७ साली हा सतरा वर्षांचा मुलगा टोकियोच्या विद्यापीठात दाखल झाला. अभ्यासात हुशार, इंग्रजीत तरबेज, पण अंगाने अगदी किरकोळ. उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. शाळेत दांडग्या मुलांनी त्याला पुरेसे छळलेले होते, आणि लहान चणीच्या माणसालाही मोठ्याला पाडता येते अशी ज्युजुत्सु नावाची एक विद्या आहे, एवढे त्याच्या कानावर आलेले होते. अडचण अशी होती की ती शिकवणारा कोणी सापडत नव्हता. १८६८ नंतर जपानमधली सामुराईंची जुनी व्यवस्था मोडली होती, जुन्या युद्धविद्यांना कोणी विचारीनासे झाले होते, आणि ज्युजुत्सुचे कित्येक जाणकार हाडे बसवण्याच्या व्यवसायावर पोट भरत होते. तेव्हा या मुलाने काय करावे? त्याने हाडवैद्यांच्या पाट्या शोधत हिंडायला सुरुवात केली. जिथे पाटी दिसेल तिथे आत जायचे आणि विचारायचे, आपल्याला ज्युजुत्सु येते का? अशाच एका हाडवैद्याने त्याला फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवले.

फुकुदा हे तेन्जिन शिन्यो-र्यू या परंपरेचे गुरू होते आणि समजावून सांगणे हा त्यांचा प्रांत नव्हता. एकदा त्यांनी या नव्या विद्यार्थ्याला एका डावावर आपटले. विद्यार्थी विद्यापीठातला, त्याने उठून विचारले, यात हात कुठे होता, पाय कुठे ठेवायचा? गुरूंनी त्याला जवळ बोलावले आणि पुन्हा आपटले. त्याने पुन्हा उठून तेच विचारले. गुरूंनी पुन्हा आपटले. विचारून हे यायचे नाही, पुष्कळ वेळा केल्यानेच येईल, असा त्या उत्तराचा आशय होता. मुलगा चिकाटीचा होता. अंग सोलवटलेले, त्यावर उग्र वासाचे मलम थापलेले, अशा अवस्थेत तो हिंडत असे आणि त्याचे मित्र त्यावरून त्याची थट्टा करीत. पण रोजचा सराव काही चुकत नसे.

आणि याच वर्गात फुकुशिमा होता. हे गावाचे नाव नव्हे, श्रोतेहो, माणसाचे आहे. फुकुशिमा कानेकिची हा वर्गातला जुना विद्यार्थी, अंगापिंडाने थोराड, वजनाने कानोच्या दुपटीच्या घरातला. कानोने काहीही करावे आणि फुकुशिमाने त्याला पाडावे, असा क्रम ठरून गेला होता. इतर विद्यार्थ्यांबरोबर त्याचे निभावत होते. हा एकच माणूस काही केल्या हलत नव्हता. कल्पना करा, आज असे झाले तर आपल्यापैकी किती जण म्हणतील की माझा गट वजनाचा वेगळा आहे, त्याच्याशी माझी जोडी लावूच नका! कानोला तोच माणूस पाडायचा होता.

प्रथम त्याने सुमोचे डाव जाणणाऱ्या एका माणसाला गाठले आणि त्याच्याकडून काही डाव शिकून घेतले. ते फुकुशिमावर करून पाहिले. फुकुशिमा जागचा हलला नाही. मग या पठ्ठ्याने जे केले ते मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत आवडते. तो ग्रंथालयात गेला. एकोणिसाव्या शतकातला हा जपानी तरुण, तिथे बसून पाश्चात्त्य कुस्तीवरचे पुस्तक चाळू लागला, आणि त्यात त्याला एक डाव सापडला. प्रतिस्पर्ध्याची बाही ओढून त्याला पुढे झुकवायचे, आपण एकदम खाली बसून त्याच्या पोटाखाली शिरायचे, एक हात त्याच्या मांडीमागून घालायचा, तो अख्खा माणूस दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा, पायांच्या बळावर उठायचे आणि दुसऱ्या बाजूला टाकून द्यायचे. कुस्तीतल्या कलाजंगाच्या जातीचाच हा डाव आहे. यात ढकलाढकली नाही, म्हणून जोराला जोर लावावा लागत नाही. समोरच्याचे वजन जितके वर, तितके आपण खाली.

कानोने हा डाव आधी मित्रांवर घोटला. एकदम फुकुशिमावर जाण्याची घाई त्याने केली नाही, हे लक्षात ठेवा. डाव हातात बसला तेव्हा तो फुकुशिमासमोर उभा राहिला, खाली शिरला, आणि तो थोराड माणूस त्याच्या खांद्यावरून पलीकडे जाऊन पडला. कानो यांनी ही हकिकत पुढे मोठेपणी स्वतःच सांगितली आहे, आणि त्या क्षणाचा त्यांना झालेला आनंद त्यांच्या सांगण्यात लपलेला नाही.

पुढे १८८२ साली त्यांनी टोकियोतल्या एइशोजी या मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली, आणि फुकुशिमासाठी शोधलेला तो डाव काता-गुरुमा या नावाने ज्युदोत कायमचा येऊन बसला. २०१० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हाताने पाय पकडण्यावर निर्बंध येत गेले, त्यामुळे जुन्या रूपातला काता-गुरुमा स्पर्धेत करता येत नाही. पण नागे-नो-काता या प्रात्यक्षिकात (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) हाताच्या डावांमध्ये तो तिसरा आहे, आणि अनेक देशांत पहिल्या दानच्या परीक्षेला या काताचे पहिले तीन गट करून दाखवावे लागतात. म्हणजे ज्युदोचा काळा पट्टा मागायला आलेला उमेदवार आजही, बहुधा स्वतःच्याही नकळत, फुकुशिमाला खांद्यावर घेत असतो. ज्या माणसाने ही पट्ट्यांची पायरी निर्माण केली, त्याच्यासमोर शिकताना कोणताही पट्टा नव्हता. त्याच्यासमोर एक न पडणारा माणूस होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येकाला आपापला फुकुशिमा हवा. तो माणूसच असला पाहिजे असे नाही. डाव्या पायाची किक कमरेच्या वर जात नसेल तर ती किक हा फुकुशिमा. कराटेतल्या हेइआन गोदान या कातामधली उडी मारून पाय ओलांडून खाली बसताना तोल जात असेल, तर ते दोन सेकंद हा फुकुशिमा. पट्टा लांब असतो, श्रोतेहो, फुकुशिमा जवळ असतो, आणि माणसाला सरावाला नेतो तो फुकुशिमा. एक छोटी वही ठेवावी, तिच्यात सध्या काय अडले आहे ते एका ओळीत लिहावे, आणि ती ओळ खोडता आली की लगेच दुसरी लिहावी. ओळ नेमकी असावी. ‘किक सुधारणे’ ही ओळ निरुपयोगी आहे, कारण ती कधीच खोडता येत नाही.

ही वही सर्वांत अधिक उपयोगी पडते ती काळ्याच्या आधीच्या तपकिरी पट्ट्याच्या काळात. सुरुवातीचे पट्टे भराभर मिळतात, प्रत्येक परीक्षेला नवा काता असतो, कौतुक असते. तपकिरी पट्ट्यावर मात्र शिडीचे दांडे एकदम दूरदूर जातात. शोतोकान या कराटेच्या शैलीत महिनोन्महिने तोच बस्साई दाई नावाचा काता करावा लागतो. गुरू म्हणतात पुन्हा, आणि काय चुकले ते प्रत्येक वेळी सांगतातच असे नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक चांगले विद्यार्थी इथेच गळाले. त्यांचे अंग थकले नव्हते, त्यांना नवे काही दिसेनासे झाले होते. अशा वेळी काता अख्खा न करता त्यातली एकच वळणाची जागा घ्यावी आणि महिनाभर तिच्यामागे लागावे. कंटाळा पुष्कळ कमी होतो.

दुखापतीने किंवा संसाराच्या धबडग्याने खंड पडतो, त्याविषयी मी थोडक्यातच बोलेन, कारण हे प्रत्येकाला ठाऊक आहे. गुडघा दुखत असताना लाथा मारीत राहण्यात कसलाही पराक्रम नाही. डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर वर्गात येऊन कडेला बसून पाहावे. खरी अडचण परतताना येते. आपण शिकवलेली मुले पुढे गेलेली असतात आणि आपल्या कमरेचा पट्टा आपल्याच हालचालींना शोभत नाही असे वाटते. त्यावर एक साधा उपाय मला दिसला आहे: पहिले काही आठवडे गुरूंच्या परवानगीने नवशिक्यांच्या तासाला जावे. तिथे कोणी तुलना करीत नाही आणि अंगही हळूहळू जुळवून घेते.

अमुक शुल्क भरा आणि अमुक मुदतीत ब्लॅक बेल्ट घेऊन जा, अशी हमी देणाऱ्या वर्गांविषयी मला काय वाटते ते सांगण्याचा मोह आवरत नाही. हमी असेल तिथे फुकुशिमा नसतो, कारण सगळे आधीच पडायला तयार असतात. लहान मुलांच्या बाबतीत तायक्वांदोची रीत मला आवडते. कुक्किवॉन या त्यांच्या जागतिक मुख्यालयाच्या पद्धतीत पंधरा वर्षांखालील मुलाला दान न देता पूम ही मुलांसाठीची पायरी दिली जाते आणि पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. मुलाचा मान राहतो आणि पुढे काही बाकी आहे हेही त्याला रोज दिसते. पालकांनी मात्र प्रत्येक परीक्षेनंतर पुढचा रंग कधी, हे विचारणे थांबवावे. आज काय जमले नाही, हे विचारून पाहावे. मूल अधिक बोलते.

शेवटचा मुद्दा परीक्षेनंतरचा आहे. पहिला दान मिळाल्यावर पुढच्या काही महिन्यांत वर्ग सोडणारे मी जितके पाहिले, तितके हिरव्या पट्ट्यावर सोडणारे क्वचितच पाहिले असतील. दानची शिडी ज्युदोत दहापर्यंत जाते, सहाव्यापासून पट्टा लाल-पांढरा आणि नवव्यापासून लाल होतो, हे सर्वांना पाठ असते. पण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी काय अडले आहे, हे कोणाच्या मनात नसते. म्हणून परीक्षेच्या अर्जावर सही कराल त्याच दिवशी वहीत पुढची ओळ लिहून ठेवा, आणि ती परीक्षेत न विचारल्या जाणाऱ्या गोष्टीची असू द्या. तायक्वांदोमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या दानच्या मध्ये निदान एक वर्ष जावे लागते. इतर विद्यांमध्येही असा काळ ठरवून दिलेला असतो. त्या ओळीसाठी तेवढा वेळ आपल्या हाती असतो.

नमस्कार.