हात मागे का राहतो

मघाशी आत येताना एका आईनं मुलाची वही माझ्यापुढे धरली. म्हणाली, "मॅडम, हुशार आहे हो, पण लिहायचा नुसता कंटाळा." हे मी रोज ऐकते. आज त्या 'कंटाळा' शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा येतो. सूर्यग्रहण कसं होतं, हे त्यानं मला वाटी आणि लिंबू घेऊन समजावलं. सावली कुठे पडते, ग्रहण सगळ्यांना का दिसत नाही, सगळं. म्हटलं, आता हेच लिहून दे. दहा मिनिटांनी कागदावर होतं, 'चंद्र मधे येतो.' पेन्सिल मुठीत आवळलेली, खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं.

तुम्ही-आम्ही लिहितो तेव्हा अक्षराचा विचार करत नाही, हात आपोआप चालतो. या मुलाला प्रत्येक अक्षर नव्यानं आठवून जवळजवळ चित्रासारखं काढावं लागतं. डोक्याची सगळी ताकद तिथेच खर्च होते आणि सांगायचं असतं ते निसटून जातं. त्यात आपली लिपी. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, य नंतर; कागदावर तोच र य-च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'कि' बोलताना क आधी, लिहिलेली वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे. आपण हे कधीच पचवलं, म्हणून त्यातली अडचण आपल्याला दिसत नाही.

हुशारीमुळे गोष्ट आणखी बिघडते. तोंडी उत्तरं फटाफट येतात, म्हणून शाळेला वाटतं, लिहायचं मुद्दाम टाळतो. तिसरी-चौथीत उत्तरं लांबली की मूल वही लपवायला लागतं, पोट दुखतंय म्हणायला लागतं. कृपा करून त्या वेळी त्याला आळशी म्हणू नका. 'सुंदर अक्षर हाच खरा दागिना' ऐकत वाढलेले आपण, हा शब्द फार पटकन वापरतो.

आधी डोळे तपासून घ्या. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. लेखन-अक्षमतेचं, म्हणजे डिसग्राफियाचं, पक्कं निदान साधारण आठव्या वर्षानंतर होतं, पण मदतीसाठी तोवर थांबायची गरज नाही. परीक्षेतल्या सवलती मागायला संकोच नको. महाराष्ट्रात त्या 1996 पासून आहेत, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातल्या अशा अडचणींचा, स्पष्ट उल्लेख आहे.

घरी 'दहा वेळा लिही' बंद करा. चुकीची पकड दहा वेळा गिरवली तर तीच पक्की होते. बोटभर पेन्सिलचा तुकडा द्या, मूठ आवळायला जागाच उरत नाही. कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं मोठं मोठं लिहू द्या. आणि गोष्ट त्यानं सांगावी, तुम्ही लिहून घ्यावी.

त्या मुलाच्या आईनं ग्रहणाचं असंच लिहून घेतलं. दीड पान भरलं. खाली त्यानं स्वतःच्या हातानं फक्त नाव घातलं, आणि पुढच्या खेपेला तो कागद मला दाखवायला घडी करून खिशातून आणला.