तोफ ओढणाऱ्या गाडीची पाठ

मंडळी, पडद्यावर दिसणारी, दुसऱ्या महायुद्धात तोफ ओढणारी ही गाडी ब्रिटिश मॉरिस कंपनीची आहे, असं मी काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात ठणकावून सांगितलं होतं. उतरती पाठ, मागे दारूगोळ्याची दुचाकी पेटी, तिच्यामागे २५ पौंडी तोफ (पौंडाचा आकडा गोळ्याच्या वजनाचा, तोफेच्या नव्हे). आणखी काय पुरावा हवा? कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार, देवळालीत शिकलेले. "काच बघितलीत का?" एवढंच म्हणाले. मी बघितली नव्हती. समोरच्या काचेची वरची कड पुढे आलेली आणि खालची आत गेलेली. म्हणजे गाडी चक्क कॅनडाची! तेव्हापासून मी आधी बघतो आणि मग बोलतो.

चूक माझी होतीच, पण गाड्यांनीही तिला हातभार लावला होता. आपल्याकडे ट्रकमालक चासी, म्हणजे खालचा चाकं-इंजिनाचा सांगाडा, एका कंपनीची घेतो आणि हौदा दुसरीकडे बांधून घेतो. रस्त्यावर आपल्याला दिसतो तो हौदा, चासी नाही. या गाड्यांचंही तसंच होतं. मॉरिसच्या तोफ ओढणाऱ्या सी-८ गाडीचं 'मार्क १', 'मार्क २', 'मार्क ३' वाचलं की लोकांना वाटतं, तीन वेगळे आकार असतील. पण ते आकडे मुख्यतः चासीचे. आधीच्या गाड्यांत चारही चाकांना कायम ताकद जायची, मार्क ३ मध्ये पुढची चाकं गरजेपुरती जोडता यायची. हे फोटोत कुठून दिसणार? म्हणून मार्क आणि बॉडी यांचे दोन वेगळे रकाने ठेवा. एकावरून दुसरं ठरवायला गेलात की फसलात.

या गाड्यांना म्हणतात ते 'क्वाड' हे नावही तसंच घोळ घालतं. ते आलं वुल्व्हरहॅम्प्टनच्या गाय मोटर्सच्या 'क्वाड-अँट'वरून. ती गाडी मागे पडली, पण नाव बर्मिंगहॅमच्या मॉरिसला चिकटलं आणि पुढे कॅनडाच्या गाड्यांनाही. तिसरी बहीण कॅरियर या ब्रिटिश कंपनीची केटी-४. ही भारत सरकारच्या मागणीवरून भारतीय तोफखान्यासाठी बनवलेली. पाठ त्याच घरातली. त्यामुळे भारतीय सैनिकांसोबतच्या जुन्या फोटोत अशी पाठ दिसली, तर मॉरिस म्हणण्याआधी कॅरियरची शक्यता तपासून बघा.

आता त्या पाठीकडेच येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. जुन्या बॉडीला 'बीटल-बॅक' म्हणतात. टप पुढे सपाट आणि मागे भुंग्याच्या पाठीसारखा खाली उतरत गेलेला. चालकासकट तोफेची सहा माणसं आत, वरून पोलादी पत्रा. हा आकार का? पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूची धास्ती होती. उतरत्या पत्र्यावर काही साचू नये आणि गाडी लवकर धुऊन निघावी, म्हणून तो असा, असं कारण सांगितलं जातं. वायू आला नाही. राहिली ती अडचणच. उतरत्या पाठीमुळे मागची जागा वाया जाते आणि गोळे चढवणाऱ्याला वाकावं लागतं. त्यात १७ पौंडी रणगाडाविरोधी तोफ आली. ती जवळजवळ तीन टनांची, आणि तिचे गोळेही लांबलचक. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा मॉरिसवर सरळ बाजूंची, वरून उघडी आणि ताडपत्री टाकायची बॉडी आली. तोंड तेच, पाठ मात्र निराळी. समोरून काढलेल्या फोटोत ही दोन भावंडं वेगळी ओळखणं अवघड. बाजूने काढलेला असेल, तर एका नजरेत कळतं: टपाची रेघ खाली उतरते की ताडपत्रीच्या कमानी सरळ मागे जातात?

टप अजिबात नाही आणि चाकं सहा, असं असेल तर ती क्वाड नव्हेच. तो तिच्या आधीचा मॉरिस सीडीएसडब्ल्यू. यातला डब्ल्यू म्हणजे विंच. चिखलात रुतलेली तोफ दोराने खेचून काढायची चरखी. मागच्या सपाट फळीवर २ पौंडी तोफच चढवलेली दिसली, तर ती 'पोर्टी' जातीची. ती तोफ ओढत नाही, पाठीवर घेऊन पळते.

कॅनडाच्या गाड्यांचं उलटं. त्यांचं वय चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. केबिनला क्रमांक होते: ११, १२ आणि १३. बारा नंबरचं बोनेट मगरीच्या जबड्यासारखं उघडतं. तेरा नंबर १९४१ च्या अखेरीस आलं, आणि त्याची काच म्हणजे सुभेदारसाहेबांची ती उलटी कललेली काच. उन्हाची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये आणि वरून जाणाऱ्या विमानाला चमक दिसू नये, हा हेतू. कागदावर एफजीटी असेल तर फोर्ड, सीजीटी असेल तर शेवरलेट. फोर्डमध्ये व्ही-८ इंजिन, शेवरलेटमध्ये सरळ रांगेत सहा सिलिंडर. दोन्ही तोकड्या गाड्या, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे १०१ इंच. ऑस्ट्रेलियातले सैनिक कॅनडाच्या अशा सगळ्याच गाड्यांना 'ब्लिट्झ' म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या आठवणींत 'ब्लिट्झ' आली की ती तोफच ओढत होती, असं धरू नका.

गाडीवरच्या खुणांवर तर अजिबात जाऊ नका. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या माघारीत हजारो ब्रिटिश गाड्या तिकडेच राहिल्या आणि जर्मनांनी त्या बिनदिक्कत वापरल्या. मॉरिसच्या दारावर काळा क्रॉस दिसला की माझ्यासकट सगळ्यांची नजर क्रॉसवर खिळते आणि पाठ बघायची राहून जाते.

आज जपलेल्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. ५.५ इंची मध्यम तोफा ओढणारा ब्रिटिश ट्रक, एईसी मॅटाडोर घ्या. त्याचं डिझेल इंजिन आणि विंच इतकी दणकट, की युद्धानंतर ब्रिटनमध्ये लाकूड वाहणाऱ्यांनी आणि बंद पडलेले ट्रक ओढणाऱ्यांनी ते उचलले. मूळ लाकडी हौदा काढून यारी बसवली, केबिन बदलली. पुढे हौशी लोकांनी त्यांना पुन्हा लष्करी रूप दिलं, तेही हाताशी असलेल्या सामानातून. नवी कोरी दिसणारी बॉडी त्याच चासीवर १९४२ मध्ये होती का, हे ती गाडी सांगत नाही. युद्धकाळात बाजूने काढलेला एखादा पुसट फोटो मिळाला, तर तो सांगतो. पुढचा फोटो लावा. हा तसाच आहे. या वेळी तुम्ही सांगा, आणि काचेपासून सुरुवात करा.